रेषेला सूर फुटतो तेव्हा

एक ट्रम्पेट, एक पियानो. ड्रम्स नाहीत, बास नाही, गाणारं कुणी नाही. दोघांच्या वयात तब्बल तीस वर्षांचं अंतर. आणि या दोघांनी अख्खा अल्बम केला तो किहीमला अखेरचा श्वास घेतलेल्या एका चित्रकर्तीच्या रेषा डोळ्यासमोर ठेवून. 'जॅझ आपल्याला झेपत नाही' असं म्हणणाऱ्यांनी तर हा अल्बम एकदा ऐकायलाच हवा.

किहीमला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. मुंबईकर असाल तर गेटवेवरून बोट पकडायची, मांडव्याला उतरायचं आणि तिथून रिक्षा. पुणेकर असाल तर खोपोली-पेणमार्गे बाइक. समुद्र, सुरूची झाडं, मासे, फोटो आणि रविवारी रात्री घरी. सोमवारी पहिलं लेक्चर बुडवायचं ते वेगळंच.

याच किहीममध्ये १९९० साली नसरीन मोहमदी वारल्या. तेव्हा चित्रकलेच्या वर्तुळाबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आधुनिक कलेसाठी 'मेट ब्रॉयर' ही नवी शाखा लोकांसाठी उघडली. उद्घाटनालाच जी प्रदर्शनं मांडली त्यातलं एक पूर्णपणे नसरीन यांच्या कामाचं होतं. त्याच महिन्यात एक अल्बम बाजारात आला, 'अ कॉस्मिक ऱ्हिदम विथ इच स्ट्रोक'. पियानोवर विजय अय्यर, ट्रम्पेटवर वाडाडा लिओ स्मिथ. शीर्षक नसरीन यांच्या डायरीतल्या शब्दांवरून घेतलेलं. कागदावर ओढलेल्या प्रत्येक रेषेत विश्वाची लय आहे, असा त्याचा साधारण अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, रेषा ऐकायच्या कशा? बरोबर आहे. त्यासाठी आधी त्या रेषा पाहायला हव्यात.

ड्रॉइंग शीटवरची कविता

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीट काढल्यात? ड्राफ्टर, टोकदार पेन्सिल, सेट स्क्वेअर, आणि शेवटच्या क्षणी पसरलेला तो एक डाग. नसरीन जवळपास याच साधनांनी चित्रं काढायच्या. कागद, पेन्सिल, शाई आणि आर्किटेक्टच्या टेबलावर असतात ती अवजारं. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसत्या रेषा. सत्तरच्या दशकात त्यांच्या कागदावर बारीक रेषांच्या जाळ्या दिसतात. पुढे त्या तिरक्या होत जातात. आणि ऐंशीच्या दशकात कोऱ्या कागदावर अधांतरी तरंगणाऱ्या मोजक्याच रेषा उरतात. चित्रांना त्यांनी नावं दिली नाहीत आणि बहुतेकांवर तारखाही घातल्या नाहीत.

त्यांचा जन्म १९३७ चा, कराचीचा. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण झालं, मग पॅरिसला. मुंबईतल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. त्या काळात तिथं वासुदेव गायतोंडे, हुसेन, तय्यब मेहता अशी मंडळी असायची. १९७२ पासून शेवटपर्यंत त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभागात शिकवत होत्या.

यातली सगळ्यात आतवर पोचणारी गोष्ट पुढे आहे. त्यांना चेतासंस्थेचा असा आजार होता, ज्यात हातापायांच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत जातो. चालणं कठीण होत गेलं. आणि नेमक्या त्याच वर्षांत कागदावरच्या रेषा अधिकाधिक नेमक्या, अधिकाधिक निवांत होत गेल्या. एखादी रेष जाड सुरू होते आणि जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत बारीक होत जाते. ती ओढताना हात किती काबूत ठेवावा लागत असेल, हे शीट काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. हाताला कंप आणि समोर सरळ रेष, हा रोजचा सामना होता.

या सगळ्या काळात त्या डायरी लिहीत होत्या. दोन-चार शब्दांच्या, तुटक नोंदी. अल्बममधल्या तुकड्यांची नावं याच नोंदींतून आली आहेत.

फिजिक्स सोडलेला मुलगा

आता पियानोवर बसलेल्या माणसाकडे येऊ. विजय अय्यर १९७१ साली अमेरिकेत जन्मले, भारतातून तिकडे गेलेल्या तमिळ आईवडिलांच्या घरी. लहानपणी रीतसर शिकले ते व्हायोलिन. घरात बहिणीचा पियानो होता, त्यावर हा मुलगा स्वतःच बोटं चालवत राहिला. म्हणजे आज जगातल्या आघाडीच्या पियानोवादकांत ज्यांचं नाव घेतलं जातं, ते पियानो बहुतांशी आपलं आपण शिकले.

पुढची गोष्ट तुमच्या घरातली वाटेल. येल विद्यापीठातून गणित आणि फिजिक्स. मग बर्कलीला फिजिक्समध्येच पीएच.डी.साठी प्रवेश. दिवसा लॅब, रात्री क्लबमध्ये पियानो. अखेर एका टप्प्यावर त्यांनी फिजिक्स सोडलं. पण अभ्यास सोडला नाही. त्याच विद्यापीठात त्यांनी आपला वेगळा विषय बांधून घेतला आणि १९९८ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. विषय होता, माणूस ताल कसा समजतो, आणि त्या समजण्यात शरीराचा वाटा किती. संगीत फक्त डोक्यात घडत नाही, ते हाताच्या, पायाच्या, श्वासाच्या हालचालीत घडतं, असा त्या प्रबंधाचा गाभा. २०१३ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि २०१४ पासून ते हार्वर्डमध्ये शिकवतात.

हा प्रबंध लक्षात ठेवा, कारण नसरीन यांच्या रेषेशी त्याचं थेट नातं आहे. रेष म्हणजे हाताच्या हालचालीची कागदावर राहिलेली खूण. सूर म्हणजे हाताच्या किंवा श्वासाच्या हालचालीची हवेत राहिलेली खूण. 'प्रत्येक स्ट्रोक' हा शब्द दोघांनाही लागू पडतो. अय्यर यांना या चित्रांत स्वतःचाच विषय दिसला असेल, तर त्यात नवल नाही.

मिसिसिपीचा ट्रम्पेट

ट्रम्पेट म्हटलं की आपल्याला वरातीचा बँड आठवतो. नाहीतर जुन्या हिंदी सिनेमातली क्लबची गाणी. ती वाजवणाऱ्यांत गोव्याचे कलाकार मोठ्या संख्येने होते. सी. रामचंद्रांच्या संगीतात वाजवणारे चिक चॉकलेट हे त्यातलं ठळक नाव. 'अलबेला'मध्ये तर ते पडद्यावरही दिसतात. तो ट्रम्पेट खणखणीत असतो. त्याचं कामच गर्दीला नाचवण्याचं.

वाडाडा लिओ स्मिथ यांचा ट्रम्पेट वेगळ्या मातीतून आला आहे. १९४१ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या लिलंड गावात त्यांचा जन्म झाला. सावत्र वडील ब्लूज वाजवायचे, त्यामुळे पहिले धडे घरातच. पण तो काळ वंशभेदाचा होता. कृष्णवर्णीयांना शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. १९५५ मध्ये त्याच राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला, तेव्हा स्मिथ तेरा वर्षांचे होते. नागरी हक्कांच्या चळवळीवरची 'टेन फ्रीडम समर्स' ही त्यांची प्रचंड रचना चार सीडींची आहे. तिचा पहिला भाग त्यांनी १९७७ मध्ये लिहिला आणि काम संपायला चौतीस वर्षं लागली. २०१३ मध्ये ती पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचली. तेव्हा स्मिथ एकाहत्तर वर्षांचे होते. विशी उलटायच्या आत सगळं मिळवायची आपली घाई त्यांच्यापुढे जरा गंमतशीरच वाटते.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात स्मिथ शिकागोला गेले. तिथं १९६५ मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांनी आपली एक संघटना उभी केली होती. इतरांच्या रचना वाजवून पोट भरण्यापेक्षा स्वतःचं नवं संगीत रचायचं, कार्यक्रम स्वतः करायचे, पोरांना स्वतः शिकवायचं, असा तिचा बाणा. 'जॅझ' या शब्दाबद्दलही या मंडळींना आक्षेप होता, कारण तो शिक्का बाहेरच्यांनी मारलेला. स्मिथ आपल्या संगीताला 'क्रिएटिव्ह म्युझिक' म्हणतात. या लेखात आपण सोयीसाठी जॅझ म्हणतोय इतकंच.

स्मिथ यांनी स्वतःची स्वरलिपीही तयार केली. तिचं नाव 'आंख्रास्मेशन'. त्यात नेहमीच्या पाच ओळींवरचे काळे ठिपके नाहीत. रंग आहेत, आकार आहेत. वाजवणाऱ्याने त्या रंगाचा, त्या आकाराचा आपला आपण शोध घ्यायचा, अभ्यास करायचा आणि मग त्यातून सूर काढायचे. म्हणजे चित्रातून संगीत काढण्याचा उद्योग हा माणूस कित्येक वर्षं करत आला आहे. नसरीन यांच्या रेषा त्यांच्यासमोर आल्या तेव्हा त्यांना हे काही परकं वाटण्याचं कारण नव्हतं.

त्यांची आणखी एक कल्पना फार सुंदर आहे. प्रत्येक आवाजाच्या मागोमाग त्याच्या वाट्याची शांतता येते आणि दोन्ही मिळून एक लय पूर्ण होते, असं ते मानतात. म्हणजे सूर वाजवून तुम्ही मोकळे होत नाही. त्याच्यामागची शांतताही तुम्हालाच सांभाळायची. आता नसरीन यांचा तो कोरा कागद पुन्हा डोळ्यासमोर आणा. तीन रेषा आणि बाकी सगळं पांढरं. ते पांढरं रिकामं राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे.

'इम्प्रोव्हायझेशन म्हणजे काहीही वाजवणं'

हा गैरसमज कॉलेजच्या बँडमध्येही असतो. तालमीला वेळ मिळाला नाही की 'स्टेजवर इम्प्रोव्हाइज करू' असं बिनधास्त म्हटलं जातं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचलली गिटार आणि सुटलं. पुढे काय होतं ते प्रेक्षकांना माहीत असतं.

अय्यर आणि स्मिथ यांच्या या अल्बममधली मुख्य रचना सात तुकड्यांची आहे आणि ती दोघांच्या नावावर आहे. तिच्यात आयत्या वेळी सुचण्याला भरपूर जागा आहे. पण त्या आयत्या वेळेच्या मागे किती वर्षं होती बघा. २००० च्या दशकात अय्यर कित्येक वर्षं स्मिथ यांच्या 'गोल्डन क्वार्टेट'मध्ये वाजवत होते. 'तबलीग' आणि 'स्पिरिच्युअल डायमेन्शन्स' हे त्या काळातले दोन अल्बम. चौघांच्या त्या संचात दोघांची एकमेकांशी ओळख मुरली. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅव्हाटार स्टुडिओत ते दोघेच बसले. निर्माता होता 'ईसीएम' या जर्मन कंपनीचा संस्थापक मान्फ्रेड आयशर.

दोघंच असण्याचं एक वैशिष्ट्य असतं. लपायला जागा नसते. पाच जणांच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये एखादा नुसता नाव लावून पास होतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. दोघांच्या प्रोजेक्टमध्ये ते जमत नाही. एक गप्प बसला की सगळ्यांना कळतं. एक जास्त बोलला तरी कळतं. त्यात इथे ताल धरायला ड्रम्स नाहीत, आधाराला बास नाही. किती वेळ थांबायचं, कधी शिरायचं, कधी दुसऱ्याला मोकळं सोडायचं, हे केवळ ऐकून ठरवायचं.

आपल्याकडच्या जुगलबंदीची यावरून आठवण येईल. फरक इतकाच की जुगलबंदीत राग ठरलेला असतो, ताल ठरलेला असतो, साथीला तबला असतो आणि सवाल-जवाबाची गंमत असते. एकाने तान घेतली की दुसरा सवाई घेणार, हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं आणि टाळी तिथंच पडते. या अल्बममध्ये कुणी कुणाला उत्तर देत नाही. स्मिथ एक लांब सूर धरतात. अय्यर त्याखाली जमीन अंथरतात, किंवा ती जमीन हळूच काढून घेतात. कधी दोघंही आपापल्या वाटेने चालतात आणि तरीही तुम्हाला कळतं की ते एकाच रस्त्यावर आहेत. यात कुणीही जिंकत नाही.

वयाचाही मुद्दा आहे. त्या वेळी स्मिथ त्र्याहत्तरचे, अय्यर चाळिशीतले. अय्यर स्मिथना गुरू मानतात. अशा जोडीत दोनच गोष्टी होण्याची भीती असते. एक तर धाकटा दबून राहतो आणि सगळं 'हो सर' होतं. नाहीतर स्वतःला सिद्ध करायला धाकटा इतका धावतो की थोरल्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. आपल्यापैकी ज्यांनी इंटर्नशिप केली आहे त्यांनी दोन्ही प्रकार पाहिले असतील. हा अल्बम ऐकताना या नात्याकडे लक्ष द्या. अय्यर बऱ्याचदा मागे राहतात, पण ते मागे राहणं दबलेलं नाही. तुकड्याचा रंग कुठला, उजेड कुठून यायचा, हे तेच ठरवत असतात.

तर मग ऐकायचं कसं?

आधीच सांगते, पहिल्या पंधरा सेकंदांत काही घडलं नाही म्हणून पुढे ढकलाल तर हा अल्बम तुम्हाला काहीही देणार नाही. ईसीएमच्या अल्बमची सुरुवातच काही सेकंदांच्या शांततेने होते. ती कंपनीची जुनी पद्धत आहे. मोबाइल बिघडला नाहीये.

पहिला तुकडा 'पॅसेज' हा अय्यर यांनी रचलेला. दार उघडून आत घ्यावं तसा. अल्बममधल्या नव्या श्रोत्यासाठी तोच सगळ्यात सोपा. पियानोचे सूर ओळखीच्या वाटेने चालतात आणि ट्रम्पेट त्यावरून गात जातो. इथे फक्त ट्रम्पेटचा आवाज ऐका. तो कधी भरदार आहे, कधी त्यात नुसती हवा आहे, कधी तोंडाशी म्यूट लावल्याने तो बारीक आणि लांबून आल्यासारखा वाटतो. माणसाच्या श्वासाच्या इतक्या जवळचं वाद्य दुसरं क्वचितच असेल.

मग ती सात तुकड्यांची रचना सुरू होते. पहिल्या दोन तुकड्यांची नावं मराठीत सांगायची तर 'सारं सजीव होतं' आणि 'रिकामं मन स्वीकारतं'. इथे अय्यर पियानोच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्स आणि फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानोही वापरतात. ऱ्होड्समध्ये छोटे हातोडे धातूच्या बारीक कांड्यांवर पडतात आणि इलेक्ट्रिक गिटारसारखा तो नाद पुढे मोठा केला जातो. त्यामुळे सुराला घंटेसारखी किनार येते. इलेक्ट्रॉनिक्सचा खालचा आवाज तंबोऱ्यासारखा पसरून राहतो, मात्र त्याला षड्ज-पंचमाचा ठाम आधार नाही. तो हलतो, बदलतो, कधी पायाखालून सरकतो. तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हे आधी अस्वस्थ करेल. करू द्या.

'लॅबिरिंथ्स' म्हणजे चक्रव्यूह. नावाप्रमाणेच इथे गुंता वाढतो. 'अ कोल्ड फायर' हा त्या रचनेतला खवळलेला तुकडा. नसरीन यांची चित्रं पाहून 'किती शांत' असं म्हणणाऱ्यांना त्याच्यात उत्तर आहे. त्या शांततेखाली काय धगधगत होतं, ते या दोघांना दिसलं. शेवटचा 'नोट्स ऑन वॉटर' पुन्हा मोकळ्या पाण्यावर घेऊन जातो. तो ऐकताना किहीमचा समुद्र आठवला तर तुम्ही मुळापासून फार लांब गेलेला नाही. नसरीन समुद्रकिनाऱ्याचे, रस्त्यांचे, हातमागावरच्या ताणलेल्या धाग्यांचे फोटोही काढायच्या. त्यांच्या हयातीत ते फोटो कधी प्रदर्शनात लागले नाहीत. आज ते पाहिले की चित्रातल्या रेषा कुठून आल्या असतील याचा अंदाज येतो.

एक साधा उपाय सुचवते. नसरीन मोहमदी हे नाव शोधून एखादं चित्र मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर उघडा. हेडफोन लावा. अल्बम चालू करा आणि संपूर्ण एक तुकडा होईपर्यंत त्या एकाच चित्राकडे बघत राहा. सात-आठ मिनिटांचाच प्रश्न आहे. मध्येच नोटिफिकेशन आलं तर येऊ द्या. बहुतेकांना साधारण तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला एखादी रेष जाड होताना दिसते, जी आधी दिसलीच नव्हती. ट्रम्पेटचंही तसंच होतं.

शेवटचं नाव: मेरियन अँडरसन

अल्बमचा शेवटचा तुकडा स्मिथ यांचा आहे आणि त्याचं नाव 'मेरियन अँडरसन'. या अमेरिकेतल्या थोर कृष्णवर्णीय गायिका. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये त्यांना त्यांच्या वर्णामुळे गायला नकार मिळाला. त्यावर देशात गदारोळ झाला आणि ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या. उघड्यावर, थंडीत, सुमारे ७५ हजार लोकांसमोर. हॉलचं दार बंद झालं म्हणून अख्खं मैदान मिळालं.

नसरीन आणि मेरियन, या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. एक कागदावर रेषा काढणारी, दुसरी मैदानात गाणारी. एकीच्या वाटेत स्वतःचंच शरीर उभं होतं, दुसरीच्या वाटेत तिचा समाज. स्मिथ यांनी दोघींना एका अल्बममध्ये शेजारी बसवलं आणि त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. फक्त वाजवलं. 'अ डिव्हाइन करेज', म्हणजे दैवी धैर्य, हे नसरीन यांच्या डायरीतून आलेलं एका तुकड्याचं नाव दोघींनाही शोभतं.

आपल्याला याचं काय?

हा प्रश्न तुम्ही विचारणार हे गृहीत धरलं आहे. पार्टीत हा अल्बम लावाल तर मित्र उठून जातील. रीलच्या मागे टाकायलाही त्याचा उपयोग नाही. अभ्यास करताना मागे लावायचं संगीत म्हणूनही तो कामाचा नाही, कारण मध्येच ट्रम्पेट असा काही उसळतो की पुस्तकातलं लक्ष उडतं.

तरीही या अल्बममध्ये तीन आयुष्यं एकत्र आली आहेत आणि तिन्हींत तुमच्या वयाला भिडणारं काहीतरी आहे. एकाने हातातला फिजिक्सचा सुरक्षित रस्ता सोडला, पण त्या रस्त्यावर शिकलेलं वाया जाऊ दिलं नाही. दुसऱ्याने आपल्या संगीताला इतरांनी दिलेलं नाव नाकारलं आणि सत्तरी ओलांडेपर्यंत आपल्याच लिपीत लिहीत राहिला. तिसरीला हयातीत मोठं नाव मिळालं नाही, शरीराने साथ सोडली, तरी बडोद्याच्या खोलीत ती रोज कागदासमोर बसत राहिली. यातल्या कुणालाही आपण बरोबर आहोत याची हमी कुणी दिली नव्हती. करिअर काउन्सेलिंगच्या सेमिनारमध्ये अशा गोष्टी सांगत नाहीत, कारण यांच्यातून पाच मुद्द्यांची स्लाइड निघत नाही.

आणि ऐकण्याचं म्हणाल, तर तो निव्वळ संगीताचा विषय नाही. ग्रुपमध्ये चर्चा चालू असताना आपल्यातले निम्मे जण समोरचा कधी थांबतो याचीच वाट बघत असतात. पुढचं वाक्य तोंडात तयार असतं. या अल्बममध्ये एक त्र्याहत्तर वर्षांचा माणूस आणि त्याच्याहून तीस वर्षांनी लहान माणूस एक तासाहून थोडा जास्त वेळ एकमेकांना खरोखर ऐकतात. समोरच्याचा सूर पूर्ण संपू देतात, त्याच्या मागची शांतताही संपू देतात आणि मग बोलतात. हे करून बघायला ट्रम्पेट लागत नाही.

ही जोडी तिथंच थांबली नाही. २०२५ मध्ये या दोघांचा 'डिफायंट लाइफ' हा पुढचा अल्बम ईसीएमनेच काढला. त्यातला एक तुकडा काँगोचे नेते पॅट्रिस लुमुम्बा यांच्या स्मरणार्थ आहे, तर एकाचं नाव 'सुमूद' आहे. या अरबी शब्दाचा अर्थ पाय रोवून टिकून राहणं. तेव्हा स्मिथ त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि ट्रम्पेट अजून हातात होता.

तेव्हा यंदा सेमिस्टर संपल्यावर किहीमचा प्लॅन ठरलाच, तर बोटीत गाण्यांच्या भेंड्या झाल्या की थोडा वेळ हेडफोन लावा. दोघांत एक जोडी असली तरी चालेल. बोट मांडव्याला लागेपर्यंत अल्बममधले पाच-सहा तुकडे आरामात होतात. अलीकडचा किनारा मागे राहतो, पलीकडचा अजून आलेला नसतो आणि मध्ये पाण्यावर फक्त एक लांब, सरळ रेष असते. ती कशी वाटते ते तुम्हीच ऐका.